मदत हवी आहे: वडिलांच्या फोनमधे कॉल घ्यायची स्क्रीनच बदलली, जुनी परत कशी आणायची?

नमस्कार मंडळी. आबांचा म्हणजे माझ्या वडिलांचा फोन अपडेट झाला अन् कॉल घ्यायची पद्धतच बदललीय. आधी हिरवं बटन खालून वर ओढलं की कॉल लागायचा, आता ते आडवं सरकवावं लागतंय, एकीकडं घ्यायला अन् दुसरीकडं कट करायला. आबा सवयीनं वर ओढतेत, फोन वाजून वाजून बंद होतो. साधाच अँड्रॉइड फोन आहे, कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मला कुणाची तक्रार करायची नाही, आबांना फोन परत चालवता यावा एवढंच पाहिजे.

मी वाळूजला एमआयडीसीत कामाला, आई-आबा गावाकडं, जिंतूर तालुका, पूर्णेच्या काठाला. आबांना मराठी वाचता येतं पण हळू, अन् चष्मा जवळ नसला की तेही नाही. मोबाइल ते वाचून चालवतच नाहीत, त्यांनी जागा पाठ केल्यात. हिरवं बटन कुठं, माझ्या बहिणीचा फोटो कोणत्या ओळीत, बोलून मेसेज पाठवायचं माइकचं चिन्ह कोणत्या कोपऱ्यात हे सगळं बोटाला माहीत होतं, अंधारात आपल्याच विहिरीच्या पायऱ्या माणूस उतरतो तसं. हे शिकायला त्यांना लई वेळ लागला होता अन् बहिणीनं दिवाळीच्या सुट्टीत शेजारी बसून शिकवलं होतं. आता कॉलची यादी, आवडत्या लोकांचे फोटो सगळं एकाच पानावर आलंय अन् नावांची यादी तर दिसतच नाही. आबा म्हणतेत "माझा मोबाइल कुणीतरी बदलून ठेवला". ह्याच्यापेक्षा बरोबर मला तरी सांगता येईना.

तुम्ही म्हणाल एवढं काय त्यात, शिकतील हळूहळू. शिकतील बी. पण गावाकडं फोन कशासाठी लागतो ते बघा. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला तो आपण सगळ्यांनी बघितलाय, सोयाबीन पाण्यात, नद्या पात्राबाहेर. आमच्या गावाला वरी येलदरी धरण आहे, पाणी सोडणार असले की आधी कुणाचा तरी फोन येतो नसता ग्रुपवर मेसेज पडतो, मग मोटार काढायची, जनावरं वरच्या अंगाला न्यायची. अशा दिवसात मी फोन लावायलो अन् तिकडं रिंग जाऊन कट व्हायली तर माझा जीव थाऱ्यावर राहात नाही. शेवटी शेजारच्या पोराला फोन करून सांगावं लागतं की जरा आबाकडं जाऊन ये. एका बटनाच्या जागेवर एवढं अवलंबून असतं हे डिझाइन करणाऱ्यापर्यंत पोचत असंल का नाही माहीत नाही, पण पोचायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट मेसेजची. आबांच्या व्हॉट्सॲपवर गावाचा एक ग्रुप आहे, त्यावर हळदीचे वसमतचे भाव, पंजाब डखांचा हवामान अंदाज, कृषी विद्यापीठाचा सल्ला, ई-पीक पाहणीची तारीख, सगळं तिथंच येतं. आबा ते ऐकतेत, वाचत कमी. आता स्क्रीनवर कोपऱ्यात एक रंगीत गोल आलाय, बोट लागलं की वेगळंच काहीतरी उघडतं. भाचा म्हणतो हे सोडा, सगळा ग्रुप अरट्टई नावाच्या दुसऱ्या मेसेजिंग ॲपवर न्या. अन् साध्या एसएमएसच्या जागी बी आता फोटोवाल्या कर्जाच्या जाहिराती यायल्यात, आबांना बँकेचा मेसेज कोणता अन् जाहिरात कोणती हे कळंना.

तर मला जुनी कॉल स्क्रीन परत आणायचीय, अन् फोन पुन्हा असा आपोआप बदलू नये ह्याच्यासाठी काय करावं, अपडेट कायमचेच बंद केले तर चालतंय का? मेसेजचं काय करायचं तेही सांगा. मी गावाला जाणार आहे तेव्हा एकदाच बसून सगळं नीट करून यायचंय, म्हणून कृपा करून सेटिंगचा रस्ता पायरीपायरीनं सांगा.

प्रतिसाद, लातूरहून:

दादा, मी मोबाइल रिपेअरिंग करतो, असे फोन घेऊन लई लोक आले होते. आधी आबांच्या फोनमधे कॉलचं ॲप कोणाचं आहे ते बघा. गुगलनं मे २०२५ मधे मटेरियल थ्री एक्स्प्रेसिव्ह नावाचं नवीन डिझाइन जाहीर केलं अन् ऑगस्टात त्यांच्या फोन ॲपला ते आलं. बऱ्याच कंपन्यांच्या मोबाइलमधे कॉलसाठी हेच ॲप असतंय, म्हणून वेगवेगळ्या कंपनीचे फोन एकदमच बदलले अन् काही लोकांना तर मोबाइल हॅक झाला असंच वाटलं.

तुमचं ॲप तेच असंल तर फोन ॲप उघडा, वरी शोधायच्या पट्टीत तीन आडव्या रेघा आहेत त्या दाबा, नावांची यादी म्हणजे कॉन्टॅक्ट तिथंच गेलीय. त्याच्याखाली सेटिंग्ज, त्यात इनकमिंग कॉल जेश्चर. तिथं दोन पर्याय, आडवं सरकवणं नसता एकदाच दाबणं. आबांना दाबायचं करून द्या. उचलायला एक बटन, कट करायला एक बटन, ओढायची भानगडच नाही.

वरी ओढायची जुनी पद्धतच पाहिजे असंल तर फोन ॲपच्या चिन्हावर बोट दाबून धरा, ॲप इन्फो उघडा, वरी तीन ठिपके, अनइन्स्टॉल अपडेट्स. ॲप फोन घेतला तेव्हा होतं तसं होईल, नंबर कुठंच जात नाहीत. मग प्ले स्टोअरमधे फोन बाय गुगल शोधून तिथल्या तीन ठिपक्यात ऑटो अपडेटची टिक काढा, नसता रात्रीतून परत नवीन येईल. पण मी तरी गिऱ्हाइकाला दाबायचा पर्यायच देतो, जुन्यावर कायम राहता येत नाही कधीतरी ते बंद पडतंच.

प्रतिसाद, नांदेडहून:

भाऊ, माझा अनुभव जरा वेगळाय. माझ्या आईच्या बोटाला संधिवात, तिला ते वर ओढणं कधी जमलंच नाही, अर्ध्यात बोट सुटायचं. नवीन स्क्रीन आल्यावर मी दाबायचा पर्याय लावून दिला अन् आई आता कुणाचाबी फोन घेती. म्हणून नवीन म्हणजे वाईटच असं नका धरू. राग मला ह्याचा येतो की हा पर्याय आहे हे फोन स्वतःहून मराठीत सांगत नाही, घरात कुणी माहीतगार असला तरच कळतं, अन् गावोगाव म्हातारी माणसं एकटी आहेत.

अजून एक करा. होम स्क्रीनवर रिकाम्या जागी दाबून विजेट उघडा, त्यात डायरेक्ट डायल असतं. तुमचा, बहिणीचा, शेजारच्याचा फोटो पहिल्याच पानावर लावून द्या. फोटोवर बोट ठेवलं की सरळ कॉल लागतो, फोन ॲप कितीदा बी बदलू द्या. काही कंपन्यांच्या फोनमधे इझी मोड नसता सिंपल मोड असतो, अक्षरं अन् चिन्हं मोठी होतेत, तेबी बघा. फोन ॲपच्या सेटिंगमधे कॉलर आयडी अनाउन्समेंट पण आहे, कुणाचा फोन आलाय ते नाव बोलून सांगतंय. आबांना चष्मा शोधायची गरज पडणार नाही.

प्रतिसाद, अंबाजोगाईहून:

दादा, अपडेट कायमचे बंद करू नका ही कळकळीची विनंती. अपडेट एकच नसतं. एक सगळ्या फोनचं, म्हणजे अँड्रॉइडचं अन् त्याच्या सुरक्षेचं, एक प्ले स्टोअरमधून एकेका ॲपचं, अन् काही बदल तर कंपनी तिकडून नुसतं बटन चालू करून करती, आपण काहीच केलेलं नसतं. तुम्ही फक्त फोन ॲपचं ऑटो अपडेट बंद ठेवा, बाकी सगळं चालू ठेवा. २०१५ मधे अँड्रॉइडमधे अशी चूक सापडली होती की नुसता एमएमएस आला तरी बाहेरच्याला फोनमधे शिरता येईल, स्टेजफ्राइट म्हणायचे तिला, तेव्हापासून दर महिन्याला सुरक्षा अपडेट यायला लागले. ते थांबवणं म्हणजे घराला कुलूप न लावता जाणं.

आपल्याकडं तर आता त्याच्याहून सोपी फसवणूक चालूय. व्हॉट्सॲपवर पीएम किसान नसता आरटीओ चलान अशा नावाची एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून ॲप टाकायची फाइल येती, कधी ओळखीच्याच नंबरवरून, कारण त्याचा फोन आधीच गेलेला असतो. ती उघडून इन्स्टॉल केली की एसएमएस वाचायची परवानगी मागती, अन् परवानगी दिली की ओटीपी सरळ चोराकडं. शेतकऱ्याच्या खात्यात अनुदान नसता विम्याचे पैसे आले की असे मेसेज हमखास फिरतेत. आबांच्या फोनमधे सेटिंग्जमधे इन्स्टॉल अननोन ॲप्स शोधा अन् व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर सगळ्यांपुढं बंद करून टाका. प्ले स्टोअरमधलं प्ले प्रोटेक्ट, म्हणजे धोक्याचे ॲप तपासणारी सोय, चालू आहे का बघा. अन् १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा, पैसे गेल्या गेल्या फोन केला तर पुढच्या खात्यात रक्कम गोठवता यायची शक्यता असती, दुसऱ्या दिवशी ती कमी होती.

फोटोवाल्या जाहिराती बहुतेक आरसीएसमधून येतेत, एसएमएसची सुधारलेली आवृत्ती समजा, इंटरनेटवर चालती. भारतात असल्या जाहिरातींचा इतका त्रास झाला होता की २०२२ मधे गुगलनं त्या काही काळ थांबवल्या होत्या. मेसेजेस ॲपमधे वरी फोटोवर दाबा, मेसेजेस सेटिंग्ज, आरसीएस चॅट्स, तिथं बंद करा. बँकेचे ओटीपी साध्या एसएमएसनं येतच राहतील.

धागाकर्ता:

लातूरवाले दादा, नांदेडच्या ताई, अंबाजोगाईवाले भाऊ, तिघांचेही मनापासून आभार. ॲप तेच निघालं, शेजारच्या पोराला व्हिडिओ कॉलवर घेऊन तीन रेघांपर्यंत पोचलो अन् दाबायचा पर्याय लावला. आबांनी लगेच दोनदा माझा फोन उचलला, आवाजात फरक कळत होता. फोटोचं विजेट अन् एपीकेचं मी गेल्यावरच करतो, ते पोराच्या हातून नको. ताई, तुमचं म्हणणं पटलं, जुनीच स्क्रीन पाहिजे हा हट्ट सोडला.

ग्रुपचं मात्र अजून ठरंना. भाचा अन् त्याचे मित्र अरट्टईवर गेलेत, म्हातारी मंडळी व्हॉट्सॲपवर, अर्ध्या गोष्टी इकडं अर्ध्या तिकडं व्हायल्यात. पाणी सोडल्याचा मेसेज एकाच ठिकाणी पडला तर दुसरीकडचे राहतेत, हे धोक्याचं आहे. अन् ते रंगीत गोल काढता येतंय का?

प्रतिसाद, जालन्याहून:

ते गोल मेटा एआयचं, म्हणजे व्हॉट्सॲपमधल्याच प्रश्नांची उत्तरं देणाऱ्या एआयचं आहे, ते काढायची सोय व्हॉट्सॲपनं दिलेली नाही. चुकून उघडलं तर मागं जायचं एवढंच आबांना शिकवा. त्यात आपलं काही बोलू नये, बँकेचं तर अजिबात नको. ग्रुपमधे ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी म्हणून सेटिंग आहे, ते चालू केलं की ग्रुपमधले मेसेज एआयसाठी वापरता येत नाहीत अन् चॅट बाहेर एक्स्पोर्ट बी होत नाही.

अरट्टई झोहो कंपनीचं, २०२१ मधे आलेलं, पण लोक २०२५ च्या सप्टेंबरात एकदम तिकडं वळले. आपल्या देशातलं ॲप वाढावं असं मलाबी वाटतं, पण लोक वळले तेव्हा त्यात कॉलला एंड टू एंड एन्क्रिप्शन (म्हणजे मधे कंपनीलाबी ऐकता-वाचता येत नाही असं कुलूप) होतं अन् साध्या मेसेजला नव्हतं, हे पोरांनी बघायला पाहिजे होतं. अन् मेसेजिंग ॲप बंद पडतेत हे विसरू नका. गुगलचं हँगआउट्स २०१३ मधे आलं अन् २०२२ मधे गेलं, अलो तर २०१६ मधे आलं अन् मार्च २०१९ मधे संपलं. आपल्याकडचं हाइक २०२१ च्या जानेवारीत बंद झालं. ज्यांचे ग्रुप त्यात होते त्यांना सगळं नव्यानं जमवावं लागलं. गावाचा धोक्याचा निरोप ज्या ॲपवर सगळ्यात जास्त म्हातारी माणसं आहेत तिथंच पडला पाहिजे, पोरांनी बाकी गप्पा कुठंबी माराव्यात. अन् पाण्याचा निरोप नुसत्या मेसेजवर सोडू नका, पाच-सहा जणांची साखळी ठरवा, एकानं दुसऱ्याला कॉल करायचा. नेट गेलं तरी कॉल लागतो कितीदा तरी.

आबांच्या फोनमधे बॅकअप पण बघून घ्या. व्हॉट्सॲपचा बॅकअप आता गुगलच्या १५ जीबीमधेच मोजतेत, आधी मोजत नव्हते. सुप्रभातचे फोटो अन् व्हिडिओंनी ती जागा भरली की जीमेलला मेल यायचे बंद होतेत. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमधे स्टोरेज अँड डेटा, मीडिया ऑटो डाउनलोड, तिथं सगळ्या टिक काढा, अन् बॅकअपमधून व्हिडिओ वगळा. एन्क्रिप्टेड बॅकअप चालू केला तर त्याचा पासवर्ड वहीत लिहून ठेवा, विसरला तर व्हॉट्सॲपलाबी काढून देता येत नाही.

धागाकर्ता:

साखळीचं लई चांगलं सांगितलं, हे आमच्या डोक्यातच नव्हतं. भाच्याला हा धागाच वाचायला दिला, तो कबूल झाला की पाण्याचे अन् पिकाचे निरोप जुन्याच ग्रुपवर टाकायचे, अन् साखळीची यादी बी तोच करणार आहे.

आता एकच राहिलं. नाव बोलून सांगायचं सेटिंग ताईंनी सांगितलं ते पोराकडून लावून बघितलं, पण आबांच्या फोनमधे सगळी नावं मराठीत सेव्ह आहेत अन् ती नीट उच्चारली जाईनात, बहिणीचं नाव तर ओळखूच येईना. नावं इंग्रजीत सेव्ह केली तर आबांना वाचता येणार नाहीत. टेक्स्ट टू स्पीचमधे (फोन लिहिलेलं बोलून दाखवतो ते) मराठी आवाज डाउनलोड करून कुणी हे लावलंय का? लावलं असंल तर कोणत्या सेटिंगमधून ते सांगा, मी पुढच्या रविवारी गावाला चाललोय.