‘मूळ संख्या’ मधलं मूळ नक्की कुठलं?

मुलीचा आठवीच्या स्कॉलरशिपचा अभ्यास घेत होतो, तिने विचारलं की बाबा ४९ चं मूळ ७, आणि ७ ही मूळ संख्या, मग मूळ दोन्हीकडे एकच का? मला काही सुचेना. हिंदीत अभाज्य म्हणतात ते जास्त सरळ नाही का?

– वर्गमूळातलं मूळ हे नाम आहे हो, आणि मूळ संख्येतलं विशेषण. मूळ गाव म्हणतो ना आपण, तसं. ४९ चे अवयव पाडत गेलात की ७ × ७ ला येऊन थांबता, त्याच्या मागे जायला वाट नाही.

– मला अभाज्य नाही पटत. भागाकारात भाज्य, भाजक, बाकी शिकलेलं पोरगं त्याचा अर्थ काय लावणार, की ७ ला भागायचंच नाही? भागा की, फक्त १ आणि ७ सोडून कशानेही भागलं तर बाकी उरते एवढंच.

– दोन्ही मूळं एकाच वाक्यात आली की मजा येते. २१४७४८३६४७ घ्या, म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. ही मूळ आहे का बघायला तिच्या वर्गमूळापर्यंतच, म्हणजे ४६३४० पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं, पुढे गरज नाही, कारण मोठा अवयव असला तर त्याचा जोडीदार लहानच असणार. गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये ही मूळ असल्याचं कळवलं तेव्हा त्याने एवढंही केलं नाही, अवयव असलाच तर त्याला २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३ च उरणार हे आधी दाखवलं, मग जास्तीत जास्त ३७२ भागाकारात काम भागतं. हातानं हां! आणि हीच संख्या कॉम्प्युटरमधल्या ३२ बिटच्या साइन्ड इंटिजरची, म्हणजे अधिक-उणे चिन्ह असलेल्या पूर्णांकाची कमाल मर्यादा, २०३८ सालचा कॉम्प्युटरच्या घड्याळांचा घोळ म्हणतात तो हिच्यामुळेच, सेकंद मोजता मोजता ही मर्यादा संपते म्हणून.

– मग ही जोडमूळ पण आहे का, म्हणजे दोनच्या फरकाने हिच्या शेजारी दुसरी मूळ संख्या?

– नाही. दोन कमी केले तर शेवटी ५ येतो, दोन वाढवले तर अंकांची बेरीज ४८, म्हणजे ३ ने भाग गेला. एकटीच आहे बिचारी.

– खरा घोळ सहमूळ शब्दात आहे राव. ८ आणि ९ सहमूळ आहेत पण दोघांतला एकही मूळ नाही, १ सोडून सामाईक विभाजक नाही एवढंच. शब्द ऐकून कोणालाही वाटेल दोघं मूळ असणार.

– विशेषणवालं पटलं, मूळ गावाचं उदाहरण देऊन मुलीला सांगितलं. लगेच म्हणाली, मग १ चं गाव कुठलं, तो मूळ पण नाही नि संयुक्त पण नाही. आता बोला.