सासूबाई रात्री झोपू देत नाहीत. अमळनेरला रात्रीची बाई मिळेल का?

एक_सून:
सासूबाईंना डिमेन्शिया आहे. दिवे लागले की गाठोडं बांधतात. एक लुगडं, चष्म्याचं घर, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, सगळं टॉवेलात. मग ओट्यावर जाऊन बसतात, "मना मुराळी उना का?" म्हणजे माहेरून न्यायला कोणी आलं का. आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी जायचंय म्हणे. रात्री दोन-दोनपर्यंत मी दाराला पाठ लावून बसते. काल त्यांच्यावर हात उगारला. मारलं नाही, पण उगारला. रात्रीची बाई कुठे मिळते आणि किती घेते, एवढंच सांगा. उपदेश नको.

तापीकाठ:
वय काय? गोळ्या कोणत्या? घरात अजून कोण आहे?

रिटायर्ड_गार्ड:
आमच्या आईला ब्राह्मी दिली आणि नाकात गाईचं तूप सोडलं. दोन महिन्यांत नावं ओळखायला लागली. अॅलोपॅथीच्या नादी लागू नका.

तापीकाठ:
गार्डसाहेब, तुमच्या आईंना झालं काय होतं ते तपासलं होतं का? बी१२ कमी असलं किंवा थायरॉइड बिघडलं तरी माणूस विसरतो, आणि त्यावर उपचार आहेत. तुपाला उगाच श्रेय नको.

रिटायर्ड_गार्ड:
भुसावळला या, दाखवतो आईला.

कोर्टाची_पायरी:
घर कोणाच्या नावावर आहे? सातबारा? मृत्युपत्र आत्ताच करून घ्या. नंतर सही चालणार नाही, नणंदा उभ्या राहतील.

एक_सून:
मी घराचं विचारलंच नाही हो! वय ७८. धुळ्याच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी निदान केलं. डोनेपेझिल ही विसरण्यावरची गोळी चालू आहे, रात्री देते. घरात हे आणि मी. यांचं दुकान, नऊला येतात, जेवतात, झोपतात. नणंद नाशिकला. फोनवर म्हणते, "वहिनी, आईला रागावू नकोस."

पुण्यात_जळगावकर:
ताई, मी वडिलांचं सहा वर्षं केलं. आमच्या डॉक्टरांनी मलाच २२ प्रश्नांची झारिट प्रश्नावली भरायला दिली होती, सांभाळणाऱ्यावर किती ताण आहे ते बघायला. त्यात एक प्रश्न असा, की या माणसाजवळ असताना तुम्हाला राग येतो का. छापील प्रश्न आहे म्हणजे तो सगळ्यांनाच येतो, हे कळलं तेव्हा मी तिथेच रडलो. हात उगारला म्हणून स्वतःला खात बसू नका. पण एकट्याने पुढे रेटूही नका. १४४१६ टेली-मानस, मनावरच्या ताणासाठीची सरकारी हेल्पलाइन, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. तो नंबर तुमच्यासाठी, सासूबाईंसाठी नाही. ज्येष्ठांच्या सोयी-सवलती विचारायच्या तर १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ.
डोनेपेझिलने काहींना रात्री भलती स्वप्नं पडतात. सकाळी देऊ का, असं डॉक्टरांना विचारा, मनाने बदलू नका. आणि हे रोजचंच आहे की अलीकडे वाढलंय?

एक_सून:
पाच-सहा दिवसांत फार वाढलंय. आधी अकरापर्यंत झोपायच्या. हो, मेडिकलवाल्याने झोपेसाठी सर्दीची ती गुंगीची गोळी दिली होती, चार दिवस दिली.

तापीकाठ:
हे आधी सांगायचं ना! ती गोळी आजच थांबवा, या वयात तिने भ्रम वाढतो. आणि लघवी तपासून घ्या. म्हाताऱ्या माणसाला जंतुसंसर्ग झाला तर ताप येईलच असं नाही, नुसतं डोकं फिरल्यासारखं होतं. त्यात हे ऊन. पाणी किती पितात?

एक_सून:
नाहीच पीत. "नंतर" म्हणतात.

भरीतपार्टी:
कैरीचं पन्हं करून बघा, पितील. आमच्याकडे यंदा कैरी फार महाग. कोणी चोपड्याकडून आणतं का?

लेवाबोली:
मुराळी येणार नाही, आई कधीच गेली, असं सांगत बसू नका. रोज नव्याने सुतक होतं त्यांना. "मुराळी सकाळी येणार, आधी भाकरी खाऊन घ्या" म्हणा. पाचलाच सगळे दिवे लावा आणि भुईमुगाच्या शेंगा फोडायला बसवा.

रिटायर्ड_गार्ड:
म्हणजे आईशी खोटं बोलायचं?

लेवाबोली:
होय. तुम्ही बसा रात्रभर खरं सांगत.

पुण्यात_जळगावकर:
रात्रीच्या बाईबद्दल एकच. एजन्सी रोज नवा चेहरा पाठवते, आमचे वडील घाबरून ओरडायचे. ओळखीची बाई आधी दिवसा दोन तास बसवा, मग रात्री.
आणि ताई, तुम्ही स्वतः माहेरी कधी गेला होता?

एक_सून:
मागच्या आखाजीच्या आधीच्या आखाजीला.

लेवाबोली:
नणंद यंदा आखाजीला येणार ना? तिच्या हातात किल्ली आणि गोळ्यांचा डबा द्या आणि निघा. भाऊजींनाही दोन रात्री दाराशी बसू दे.

कोर्टाची_पायरी:
किल्लीची पावती घ्या. थट्टा नाही करत.

एक_सून:
लघवीत संसर्ग निघाला. औषध चालू केलंय. काल बारा ते चार झोपल्या, आम्हीही. डोनेपेझिल सकाळी द्यायला डॉक्टर हो म्हणाले. नणंदेने आधी "माझ्या मुलीची परीक्षा" वगैरे केलं. हे पहिल्यांदाच तिच्याशी चढ्या आवाजात बोलले. तीन दिवस येतेय. मी माझी पिशवी भरत होते तर सासूबाई शेजारी येऊन बसल्या, "तुना मुराळी उना का?" म्हटलं, हो.
रात्रीच्या बाईचा भाव मात्र अजून कोणी सांगितला नाही.