ड्यूटीच्या काळ्या बुटांना स्वस्तात पॉलिश कसं करावं? – मदत हवी आहे

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, पण हा प्रश्न रोजचा झालाय म्हणून धागा काढतोय.

मी सुरक्षा रक्षक आहे. ऐरोलीला एका कंपनीच्या गेटवर ड्यूटी असते. युनिफॉर्म आणि बूट एजन्सीचे (पैसे अर्थातच पगारातून कापून). ड्यूटीवर चढताना सुपरवायझर सगळ्यांना रांगेत उभं करतो आणि तोंड बघायच्या आधी पाय बघतो. बूट मळके दिसले की दंड. पगाराच्या पावतीत तो 'इतर कपात' म्हणून येतो, म्हणजे भांडायचीही सोय नाही. मी कळव्याला राहतो, घरापासून स्टेशनपर्यंतचा रस्ता खोदून ठेवलाय. कितीही जपून चाला, ठाण्याला गाडी बदलेपर्यंत बुटांवर पिठी चढलेलीच असते.

सध्या स्पंजवाली लिक्विडची बाटली वापरतो. फिरवली की लगेच चकाकतं, म्हणून रोज फिरवतो आणि बाटली बघता बघता संपते. घाईत असलो तर स्टेशनवर करून घेतो, ते रोज परवडणारं नाही. शिवाय पुढे बूट जिथे मुडपतो तिथे बारीक भेगा पडून काळे पापुद्रे निघायला लागलेत.

घरात वडिलांची मेणाच्या पॉलिशची एक जुनी डबी सापडली. आतला गोळा सुकून तडकलाय, डबी हलवली की खुळखुळतो. टाकून देऊ का? आणि खोबरेल, केळ्याची साल, व्हॅसलीन असं काय काय ऐकलंय, त्यात काही तथ्य आहे का? घरी पॉलिश बनवता येतं का?

'चांगले बूट घे' हा सल्ला कृपया नको. एक तारखेच्या आत तरी नको.

आंबट_वरण

केळ्याच्या सालीची आतली बाजू घासा आणि कोरड्या फडक्याने पुसा. सालीत पोटॅशियम असतं, त्याने चमक येते. फुकटात काम.

झाडीपट्टी

पोटॅशियमने बूट चमकत असते तर एव्हाना बटाटाही घासून झाला असता. ती चमक ओलाव्याची असते, वाळली की गेली. मागे साखर उरते, तिच्यावर धूळ चिकटते. आमच्याकडे तर रात्री बुटांना मुंग्या लागल्या होत्या. रात्रपाळीदादा, या फंदात पडू नका.

मोडकी_टाच

आधी एक सांगा, बूट चामड्याचे आहेत की रेक्झिनचे? हे कळल्याशिवाय सगळे सल्ले हवेत. आमचं चपला-बुटांच्या दुरुस्तीचं दुकान आहे. एजन्सीचे बूट येतात त्यातले पुष्कळसे रेक्झिनचे असतात आणि लोक त्यांना महिनोन्‌महिने पॉलिश पाजत असतात. रेक्झिन काही पीत नाही. त्याला ओलं फडकं पुरतं.

ओळखायचं असं: लेस सोडा, जीभ बाहेर ओढा आणि तिची कापलेली कड बघा. चामड्याच्या कडेला बारीक तंतू दिसतात, मागची बाजू लवदार लागते. रेक्झिनमध्ये वर पातळ प्लास्टिक आणि खाली कापडाची वीण स्पष्ट दिसते. फक्त जिभेवर विश्वास ठेवू नका, ती चामड्याची लावून बाकी सगळं रेक्झिन असाही माल येतो. टाचेच्या आतल्या बाजूची आणि लेसच्या भोकांजवळची कडही बघा. पाण्याचा थेंब टाकून बघा म्हणतात, पण तुमच्या बुटांवर लिक्विडचा थर आहे, तो थेंबाला आत जाऊ देणार नाही.

पापुद्र्यांचं म्हणाल तर लिक्विड वाळून बुटावर पातळ पडदा तयार होतो. रोज पडद्यावर पडदा चढला की मुडपतो तिथे तडकणारच. पापुद्र्याखाली काळं चामडं दिसलं तर बूट वाचला. कापड दिसलं तर रेक्झिनचंच साल निघतंय, मग पॉलिशच्या नादी लागू नका.

रात्रपाळी

आत्ताच बघितलं. बोटांवरचा पुढचा भाग चामड्याचा निघाला, कडेला तंतू आहेत. टाचेकडचा भाग रेक्झिन, जाळी स्पष्ट दिसते. जीभही रेक्झिनच. पापुद्रे पुढच्या भागावरचे आहेत आणि खाली काळंच आहे. हायसं वाटलं.

मोडकी_टाच

मग पॉलिश फक्त पुढच्या भागाला लावा, मागचं ओल्या फडक्याने पुसा. निम्मा खर्च इथेच वाचला. आधी जुना थर काढा. कोमट पाण्यात शाम्पूचे दोन थेंब, फडकं त्यात बुडवून घट्ट पिळा आणि पुसा. एका दमात निघणार नाही, नखाने तर अजिबात खरवडू नका. मग सावलीत वाळवा. उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवलं तर चामडं कडक होऊन खरंच तडकेल.

जुना_कॅडेट

डबी टाकू नका हो! ती खराब झालेली नाही. पॉलिशमधला पातळ करणारा द्रव उडून गेला, मेण आणि रंग आहेत तिथेच आहेत. रंगाच्या दुकानात टर्पेंटाइनची लहान बाटली मिळते. गोळा डबीतच चमच्याच्या मागच्या बाजूने कुस्करा, थोडं टर्पेंटाइन टाका, झाकण लावून रात्रभर ठेवा. सकाळी लोण्याइतकं मऊ झालेलं असेल. कमी वाटलं तर आणखी दोन थेंब. एकदम ओतलंत तर काळं सरबत होईल.

आता मुख्य मुद्दा. तुमचा खर्च पॉलिशच्या भावामुळे होत नाही, पॉलिश रोज लावल्यामुळे होतो. एनसीसीत असताना आमचे हवालदारसाहेब पॉलिशची डबी स्वतःकडे ठेवायचे आणि ब्रश आमच्या हातात द्यायचे. एक डबी सगळ्या तुकडीला पुरवायचे. चमक ब्रशने येते. पॉलिशने फक्त ब्रशला घासायला काहीतरी मिळतं.

पद्धत अशी: आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, बूट कोरड्या ब्रशने झाडायचा. शिवण आणि सोल यांच्या खाचेतली माती जुन्या टूथब्रशने काढायची, कारण ती राहिली तर पुढे तुम्ही मातीलाच पॉलिश करत बसता. मग जुन्या बनियनचा तुकडा दोन बोटांवर ताणून गुंडाळायचा आणि डबीत नुसता टेकवायचा. खरवडायचा नाही. लहान लहान गोल फिरवत इतका पातळ हात द्यायचा की बूट चकचकीत न दिसता उलट धुरकट, निस्तेज दिसला पाहिजे. चकचकीत ओला दिसला तर जास्त झालं. दहा-पंधरा मिनिटं ठेवून द्यायचं, तेवढ्यात द्रव उडतो आणि मेण बसतं. त्यानंतर ब्रश. दाब नको, वेग हवा, मनगट सैल. शेवटी कोरडं सुती फडकं दोन्ही टोकांना धरून बुटावरून आडवं ओढायचं.

सुपरवायझरला दिपवायचंच असेल तर फक्त टोकावर, जिथे बूट मुडपत नाही तिथे, वर आणखी एक पातळ हात द्या आणि बनियनच्या बोटावर गार पाण्याचा एक थेंब घेऊन हलकेच गोल फिरवत राहा. पहिली काही मिनिटं काहीच होत नाही, नुसतं ढगाळ दिसतं. मग एकदम आरशासारखं साफ होतं. मुडपण्याच्या जागी हे करू नका, तिथला जाड थर दुसऱ्या दिवशी फुटतो.

बाकीचे सहा दिवस पॉलिश बंद. ड्यूटीवर पोचलात की गेटबाहेर ओलसर फडकं, मग कोरडा ब्रश. रस्त्याची पिठी घरून पॉलिश करून थांबणार आहे का? ती तिथेच झाडायची. पिशवीत लहान ब्रश ठेवा. पैसे खर्चायचेच असतील तर ब्रशवर खर्चा. घोड्याच्या केसांचा मिळाला तर उत्तम. प्लास्टिकच्या कडक तारांचा नको, ओरखडे उठतात.

आंबट_वरण

बरं, साल मागे घेतो. खोबरेल तरी चालेल ना?

लाकूडतोड्या

माझं काम रंग-पॉलिशचं, लाकडावरचं, पण मेणाचं गणित तेच. खोबरेल चामड्यात मुरतं, रंग गडद दिसतो आणि पाहणाऱ्याला वाटतं पॉलिश झालं. पण वर कठीण थर नसल्यामुळे चमक टिकत नाही, धूळ मात्र आवडीने बसते. व्हॅसलीनचं तेच. फार कोरडं पडलेलं चामडं मऊ करायला बोटाच्या टोकावर मावेल इतकं कधीतरी लावा, पुसून टाका, झालं.

घरी पॉलिश बनवता येतं. मधमाशीचं मेण किसून बाटलीत टर्पेंटाइनमध्ये भिजत ठेवलं, झाकण घट्ट लावलं की दोन-चार दिवसांत विरघळून मलम होतं. यूट्यूबवर गॅसवर पातेलं ठेवून करतात, ते चुकूनही करू नका. टर्पेंटाइनची वाफ भडकते. वास असतो म्हणून लावतानाही खिडकी उघडी ठेवा, देवापुढच्या दिव्याजवळ बसू नका. अस्सल मेण हवं असेल तर महाबळेश्वरला मधाचा मोठा व्यवसाय आहे, तिकडे चौकशी करा.

पण माझं मत विचाराल तर एका जोडीसाठी हा खटाटोप डबीपेक्षा महाग पडतो, आणि तुमच्या कामाला बसतही नाही. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळतं. चांगल्या पॉलिशमध्ये कार्नौबा मेण असतं, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं. ते ऐंशीच्या वर जाईपर्यंत दाद देत नाही, म्हणून थर कठीण बसतो. नुसत्या मधमाशीच्या मेणाचा बूट दुपारच्या उन्हात गेटवर चिकट होईल आणि पिठी पकडेल. देवघरातली मेणबत्तीही घासू नका, तिचं मेण ठिसूळ असतं. काजळ मिसळायची आयडिया कोणी देईलच, तर आधीच सांगतो, पँटची कड काळी होते.

जुना_कॅडेट

+१. अवांतर: किवी पॉलिश १९०६ साली मेलबर्नमध्ये निघालं. बायको न्यूझीलंडची, म्हणून मालकाने डबीवर किवी पक्षी काढला. पुढे पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या बुटांबरोबर ते जगभर गेलं. २०२३ मध्ये कंपनीने खुद्द ब्रिटनमधली विक्री थांबवायचं ठरवलं, कारण तिथे साहेबलोक ऑफिसलाही स्नीकर घालायला लागले. शिस्त आता ऐरोलीच्या गेटवर उरली आहे.

चर्चगेट_फास्ट

सगळे घरी करायला लागले तर स्टेशनवरच्या पॉलिशवाल्यांनी काय खायचं? पेटीवर ब्रश आपटून बोलावतात बिचारे.

मोडकी_टाच

साहेब, ज्याला रोज दंड बसतो त्याच्याकडून पॉलिशवाल्याचं घर चालवायला नको. ज्यांचे बूट तुमच्यासारखे आहेत ते येतातच. यांनी टाच झिजली, सोल सुटला की गटईच्या, म्हणजे चपला-बूट दुरुस्तीच्या स्टॉलवर यावं. तेव्हा मात्र घरी फेविक्विक लावू नका! ते वाळून काचेसारखं कडक होतं, पाय मुडपला की परत सुटतं, आणि वर आमचं चिकटवायचं सोल्युशन धरत नाही. आधी ते घासून काढण्यातच वेळ जातो, मग मजुरी वाढते.

रात्रपाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. जुना थर बराच निघाला. डबीत टर्पेंटाइन टाकलं, मऊ झालं. पातळ हात देऊन ब्रश मारला, लिक्विडसारखं प्लास्टिक-प्लास्टिक चकाकत नाही, पण दिसतं छान. सुपरवायझर काही बोलला नाही, म्हणजे पास.

एकच शंका. पावसाळ्यात काय? मागच्या वर्षी बुटांवर पांढरी बुरशी आली होती. पॉलिश जास्त लावायचं का?

मोडकी_टाच

जास्त नाही. पाऊस सुरू व्हायच्या आधी शिवणीत आणि सोलच्या खाचेत मेणाचा एक हात नीट भरा, पाणी तिथूनच शिरतं. भिजलेल्या बुटांना पॉलिश लावायचं नाही, ओल आत कोंडते आणि बुरशी धरते. घरी आलात की लेस सैल करा, सुकतळा बाहेर काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि तासाभराने बदला. पंख्याखाली आडवे ठेवा, म्हणजे सोललाही वारा लागतो. बुरशी आलीच तर घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसा. मग पाण्यात थोडं व्हिनेगर घालून फडकं ओलसर करून फिरवा, पूर्ण वाळू द्या, आणि मगच पॉलिश. ते फडकं पॉलिशच्या फडक्यात मिसळू नका.

झाडीपट्टी

वाखुसा (वाचनखूण साठवली). आमच्या चिरंजीवांचे शाळेचे बूट आत्ता बघितले, पूर्ण रेक्झिन. बायकोला सांगायचं कसं, एवढाच प्रश्न आहे.