मदत हवी आहे: खानापूर-लोंढा पट्ट्यात रेल्वेचे फोटो कुठून काढावेत?

मंडळी, पाऊस ओसरला की बेळगावहून एकटाच बाईकवरून खानापूर, गुंजी, लोंढा करत कॅसलरॉकपर्यंत जायचा विचार आहे. काम एकच, रेल्वे बघणं आणि फोटो काढणं. (आई म्हणते, गाड्या बघायला गाडी कशाला जाळतोस?)

लोंढ्याला हुबळी आणि गोव्याचे फाटे फुटतात, तिथं बसून राहिलं तरी भागतं. पण मला हवा आहे वळणावरचा फोटो. कॅसलरॉकपुढे घाटात गोव्याकडून वर येताना १:३७ चा चढ (३७ मीटरला एक मीटर), जड मालगाडीला मागून बँकर म्हणजे जादाची इंजिनं रेटतात. दुधसागरकडे रुळावरून चालायला मात्र बंदी, आणि ते मला करायचंही नाही.

तर गुंजी ते लोंढा दरम्यान सार्वजनिक रस्त्यावरून वळण दिसेल अशी जागा कुठली? सकाळचं ऊन कुठल्या बाजूनं येतं? कॅसलरॉकला रात्री साधी खोली मिळेल का?