कुदळीआधी यंत्र: सक्ती हवी का?

पांथस्थ
जर्मन उत्खनक श्लीमनने १८७० च्या दशकात तुर्कीतल्या हिसार्लिकच्या टेकाडात, म्हणजे ट्रॉयमध्ये, भलाथोरला चर खणला. ग्रीक महाकवी होमरचं ट्रॉय तळाशीच असणार, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. वरचे थर उपसून फेकले. पुढे कळलं की तो ज्या काळाच्या मागे होता, त्याच काळाच्या भिंती त्या उपशात गेल्या. आता त्या कुणाच्या बापाला परत आणता यायच्या नाहीत.

म्हणून माझं म्हणणं असं की, यंत्राने जमीन तपासल्याशिवाय कुठल्याही प्राचीन स्थळावर कुदळ पडता कामा नये. तशी सक्तीच हवी. रडार जमिनीत लहरी सोडतं आणि परतलेले पडसाद टिपतं. मॅग्नेटोमीटर चुंबकत्वातले बारीक चढउतार मोजतो. रोधकतेचं यंत्र माती विजेला किती अडवते ते सांगतं. दगडी भिंत जास्त अडवते, ओलसर खंदक कमी.

रोमच्या उत्तरेला फलेरी नोवी नावाचं रोमन शहर आहे. तटाच्या आतली तीसेक हेक्टर जागा केंब्रिज आणि गेंट विद्यापीठांच्या लोकांनी रडारने पिंजून काढली; छोट्या गाडीमागे यंत्र ओढत, दर १२.५ सेंटीमीटरला एक नोंद. २०२० मध्ये नकाशा प्रसिद्ध झाला. देऊळ, बाजार, स्नानगृह, इमारतींच्या खालून गेलेल्या पाण्याच्या नळ्या, सगळं त्यात आहे. खापराचा एक तुकडाही जागचा हलला नाही. १९९२ च्या व्हॅलेटा करारात युरोपीय देशांनी जिथे शक्य तिथे हानी न करणाऱ्या पद्धती वापरायचं मान्य केलंय. मग 'शक्य तिथे'वरच का थांबायचं?

खापरवेडा
पांथस्थ, फलेरी नोवी ओसाड, वर शेती, खाली भक्कम दगडी बांधकाम. अशा जागी रडार हुशार दिसणारच.

ड्युरिंग्टन वॉल्सचं काय झालं ते आठवा. इंग्लंडमधल्या स्टोनहेंजपासून तीनेक किलोमीटरवरची जागा. २०१५ मध्ये जाहीर झालं की बांधाखाली नव्वदेक प्रचंड शिळा आडव्या गाडलेल्या आहेत, काही साडेचार मीटरच्या. जगभर बातम्या. २०१६ मध्ये दोन ठिकाणी खणलं, तर शिळा नाहीतच! लाकडी खांबांचे खड्डे निघाले. खांब उपटून नेलेले आणि खड्डे खडूच्या चुऱ्याने बुजवलेले. रडारला दिसला होता तो हा चुरा.

तुतनखामेनच्या थडग्याचंही तेच. भिंतीमागे खोली असल्याची ९० टक्के खात्री इजिप्तच्या मंत्र्यांनी देऊन टाकली आणि २०१८ मध्ये इटलीतल्या तुरीनच्या पथकाने रडार फिरवून सांगितलं की मागे काही नाही. यंत्राला भिंत दिसत नाही, दगड दिसत नाही. बाजूच्या मातीपेक्षा इथे काहीतरी वेगळं आहे, एवढंच दिसतं. 'काय आहे' हे माणूस भरतो, आणि माणसाला शिळा हव्या असतात.

पांथस्थ
तुतनखामेनचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे, खापरवेडा. तुरीनच्या लोकांनी काय ड्रिल मारलं? त्यांनीही रडारच फिरवलं, जास्त काळजीने. रडारची चूक रडारने काढली आणि चित्रांच्या भिंतीला भोक पडलं नाही.

दोरीखुंटी
मी दोन हंगाम मॅग्नेटोमीटर उचलून चाललेय, म्हणून थोडं लांबण लावते.

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ५०,००० नॅनोटेस्ला (हे ते मोजायचं एकक). बुजलेला खड्डा त्यात फरक पाडतो तो दोन-पाच नॅनोटेस्लाचा. त्यामुळे यंत्र घेणाऱ्याने पट्टा काढायचा, चावी, फोन, चेन असलेलं जाकीट, सगळं बाजूला. आमच्यातल्या एकाच्या बुटांच्या भोकांना लोखंडी कड्या होत्या. अर्धा दिवस नकाशावर ठरावीक अंतराने ठिपके येत राहिले आणि आम्ही खुशीत, की खांबांची रांग सापडली! मग चालायचं कसं, तर मीटर-मीटरवर ताणलेल्या दोरीच्या कडेने, यंत्राच्या 'टिक'वर पाऊल. एका ओळीत वर, पुढच्या ओळीत खाली. चाल जरा ढिली पडली की सरळ भिंत करवतीच्या दातांसारखी दिसते.

भट्टी मात्र आंधळ्यालाही सापडेल. माती सहा-सातशे अंशांपर्यंत तापून निवली की त्या वेळच्या क्षेत्राची दिशा तिच्यात गोठते. १९५८ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ एटकेनने इंग्लंडमध्ये पहिल्यांदा हे यंत्र वापरलं तेही भट्ट्या शोधायलाच.

तरी मी सक्तीच्या विरोधात आहे, पण खापरवेडा म्हणतात त्या कारणाने नाही. यंत्राने नसलेलं दाखवलं तर फार बिघडत नाही, दोन खड्डे खणून खुलासा होतो. असलेलं नाही दाखवलं तर? ओल्या चिकणमातीत रडारची लहर हातभर खोलीतच विझते. बसाल्टच्या जमिनीत खडकाचंच चुंबकत्व इतकं की खड्ड्याची कुजबुज ऐकूच येत नाही. रोधकतेला भिंत दिसायला कधी कोरडा हंगाम लागतो, कधी नाही. आता सक्ती करा. कुणीतरी चुकीच्या महिन्यात, चुकीचं यंत्र, दोन-दोन मीटरवरून फिरवेल, नकाशा कोरा येईल, आणि त्या कोऱ्या कागदावर 'इथे काही नाही' असा शिक्का बसेल. मग रस्ता आणि पोकलेन. मी असा एक कोरा नकाशा स्वतः काढलाय. पुढच्या वर्षी शेजारच्या पाइपच्या चरात तिथलीच दफनं निघाली.

खापरवेडा
दोरीखुंटी, हे माझ्यापेक्षा चांगलं मांडलंत. त्यात काळाचा मुद्दा घाला. नकाशात दोन हजार वर्षांपूर्वीची भट्टी आणि गेल्या वर्षीची पाइपलाइन एकाच कागदावर झोपलेली असतात. रडारच्या नकाशातून वस्तू किती खोल आहे ते कळतं, शतक नाही. खापर आणि कोळसा हातात आल्याशिवाय तारीख नाही. फलेरी नोवीतही पुढे कुदळी लागल्याच की.

उत्तरवारा
'जमिनीत राहू दे, सुरक्षित आहे' या गृहीतकालाच माझा आक्षेप आहे. नॉर्वेत येलेस्टाड इथे २०१८ मध्ये रडारला वायकिंग जहाज दिसलं, सुमारे २० मीटर लांब. झाकून ठेवता आलं असतं, पण तपासणीसाठी थोडं उघडलं तर लाकडाला बुरशी लागलेली. म्हणून २०२० मध्ये खोदायला घेतलं. नुसता नकाशा कवटाळून बसले असते तर नकाशाच उरला असता.

पांथस्थ
उलट बाजूही आहे, उत्तरवारा. चीनच्या पहिल्या सम्राटाच्या कबरीजवळ पुरलेल्या मातीच्या सैनिकांवरचा रंग बाहेरच्या कोरड्या हवेत बघता बघता सुटून गळायचा. त्या सम्राटाची मूळ कबर आजवर उघडलेली नाही, त्यामागे हा धडाही आहे. तिथे नकाशाच बरा.

दोरीखुंटी, तुमचा कोरा नकाशा मात्र बोचला. आणि ट्रॉयवरून सुरुवात केली तर ट्रॉयचं पुढचंही सांगायला हवं, ते मी सोयीस्करपणे गाळलं होतं. १९९२ मध्ये तिथे बालेकिल्ल्याच्या दक्षिणेला सुमारे ४०० मीटरवर मॅग्नेटोमीटरला लांबलचक पट्टा दिसला. जळक्या विटांची तटबंदी, असं वाटलं. १९९३ मध्ये खणलं तर खडकात कोरलेला खंदक! भिंतीच्या जागी खड्डा, म्हणजे बरोब्बर उलटं. पण यंत्र नसतं तर बालेकिल्ला सोडून इतक्या लांब मोकळ्या रानात कोण खणायला गेलं असतं?

सक्ती सोडत नाही, एक अट वाढवतो: नकाशा कोरा आला तरी चाचणीचे खड्डे घ्यायचेच.

दोरीखुंटी
आणि महिना, यंत्र, ओळींमधलं अंतर, मातीचा ओलावा, कच्च्या नोंदी हे सगळं उघड ठेवायचं. एवढं असेल तर माझा विरोध अर्धा.

खापरवेडा
कोऱ्या जागीही खणायचं, भरलेल्या जागीही खणायचं. पांथस्थ, तुमच्या धाग्याचं शीर्षक आता कुदळीच्या बाजूने झुकलंय!

पांथस्थ
खड्डे दोन, मीटर बाय मीटरचे. श्लीमनचा चर नव्हे.