अतिमद्यपानाचे प्रमाण प्रांतावर ठरते की वसतिगृहावर?

रावपुरेकर: माझा भाचा बारावीनंतर वडोदऱ्याहून अमेरिकेच्या मिडवेस्ट भागात शिकायला निघाला आहे. तिकडे आणि ईशान्येकडे विद्यार्थ्यांचे अतिमद्यपान पश्चिमेपेक्षा जास्त असते, असे वाचल्यापासून माझी बहीण धास्तावली आहे. एवढ्यावरून महाविद्यालय बदलावे का?

दांडियाबाजार: बहिणीने वाचले ते खोटे नाही. हार्वर्डच्या 1993 च्या पाहणीत 140 महाविद्यालयांतील सुमारे 44 टक्के विद्यार्थी अतिमद्यपानाच्या व्याख्येत बसले होते, आणि प्रांतांतील फरकही असाच दिसला होता. व्याख्या अशी की मागच्या दोन आठवड्यांत एकदा तरी मुलाने सलग पाच किंवा मुलीने चार ड्रिंक घेतलेली असावीत. तिकडचे एक ड्रिंक म्हणजे 44 मिलिलिटर कडक दारू, म्हणजे पाचांचे 220 होतात. आपल्याकडची क्वार्टर 180 ची असते, यावरून अंदाज यावा. मात्र त्याच पाहणीत एकाच प्रांतातील दोन महाविद्यालयांमध्येही जमीन-अस्मानाचे अंतर होते, आणि ‘फ्रॅटर्निटी’ नावाच्या विद्यार्थी-मंडळांच्या घरांत राहणाऱ्यांपैकी पाचांत चाराहून अधिक जण अतिमद्यपान करणारे निघाले. तेव्हा प्रांत राहू द्या, मुलगा राहणार कुठे ते आधी विचारा.

वाडीकर: सहमत आहे. आपल्याच घरचे उदाहरण घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत दारू पिणाऱ्या पुरुषांचे प्रमाण गुजरातमध्ये 5.8 टक्के आणि शेजारच्या मध्य प्रदेशात 17.1 टक्के आले (दारूबंदीच्या राज्यात खरे कोण सांगतो, हा भाग सोडून देऊ). पण हा आकडा किती जण पितात ते सांगतो, एका बैठकीत किती पितात ते सांगत नाही. आमच्या वेळी वर्गातली मुले शनिवारी वापीपर्यंत गाडीने आणि पुढे रिक्षाने दमणला जात. उरलेली बाटली हद्दीच्या अलीकडे आणणे गुन्हा, आणि पैसे तर वर्गणीचे, म्हणून ती तिथेच संपवून उठत. परतीच्या गाडीत एकाचे डोके खिडकीच्या गजावर टेकलेले आणि दुसरा त्याच्या पुढ्यात प्लास्टिकची पिशवी धरून बसलेला, हे मी पाहिले आहे. अमेरिकेत वयाची अट 21 आहे. त्यामुळे त्याहून लहान विद्यार्थी पार्टीला जाण्यापूर्वीच खोलीत घाईघाईने पितात. प्रकार तोच.

रावपुरेकर: आभारी आहे. पहिल्या वर्षी त्याला विद्यापीठाच्याच वसतिगृहात राहणे सक्तीचे आहे. तिथे दारूमुक्त मजला निवडता येतो का, एवढे आज ईमेलने विचारतो.