सिरोंचाचं तोंड कुठे: गडचिरोलीकडे की नदीपलीकडे?

प्राणहिताकाठ

बरेच दिवस मनात असलेलं आज लिहितोय. वेगळं मत असेल तर जरूर मांडा, त्यासाठीच धागा काढला आहे.

ज्यांनी आमचा सिरोंचा तालुका (जि. गडचिरोली) पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडा भूगोल. चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा मिळतात आणि प्राणहिता होते. तिथून शंभरावर किलोमीटर ती महाराष्ट्र-तेलंगणाची सीमा धरून येते आणि सिरोंचासमोर, कालेश्वरला, गोदावरीत जाते. पुढे गोदावरी सीमा होते. सोमनूरला इंद्रावती येऊन मिळते, तिच्या पलीकडे छत्तीसगड. म्हणजे तीन बाजूंनी नद्या, चौथ्या बाजूला जंगल आणि त्या जंगलातून दोनशेहून जास्त किलोमीटरवर जिल्ह्याचं ठिकाण.

आमची मिरची आणि कापूस वारंगळला जातो. रेल्वे पकडायची तर मंचेरियाल. मुलीचं लग्न चेन्नूरला, सुनेचं माहेर महादेवपूरला. दर दोन वर्षांनी मेडारमची सम्मक्का-सारलम्मा जत्रा आली की घरं बंद करून माणसं जातात, वजनाइतका गूळ वाहतात आणि त्या गुळाला 'बंगारम', म्हणजे सोनं म्हणतात. पूल नव्हते तेव्हा हे सगळं डोंग्यातून चालायचं. आज दोन्ही नद्यांवर पूल आहेत आणि पलीकडे जाणं अर्ध्या तासाचं काम झालंय.

माझं म्हणणं एवढंच, की सिरोंचाचा संसार नदीपलीकडे आहे हे महाराष्ट्र शासनाने एकदा मान्य करावं आणि त्यावरून धोरण आखावं. आरोग्य योजनेचं कार्ड पलीकडच्या दवाखान्यात चाललं पाहिजे. पहिली-दुसरीच्या वर्गात तेलुगू समजणारे शिक्षक हवेत. आणि नदीवर जे काही बांधलं जाईल त्याच्या बैठकीत या तालुक्याचा माणूस बसला पाहिजे. 23 ऑगस्ट 2016 ला मुंबईत महाराष्ट्र आणि तेलंगणाच्या मुख्यमंत्र्यांनी गोदावरीवरच्या मेडीगड्डा बॅरेजचा, म्हणजे दारं असलेल्या बंधाऱ्याचा, करार केला. या बॅरेजचं एक टोक आमच्या पोचमपल्लीला टेकलेलं आहे. करार झाला तेव्हा पोचमपल्लीचा कोणी तिथे नव्हता.

वैनगंगेचा

दादा, तुमच्या भागाबद्दल आदर आहे. मी आरमोरीकडचा, नोकरीनिमित्त पाच वर्षं आलापल्लीत काढली. पण तुमचा निष्कर्ष मला घातक वाटतो.

सिरोंचा पलीकडे जातं, कारण अलीकडचा रस्ता जाण्यालायक नाही. आलापल्ली ते सिरोंचा हा राष्ट्रीय महामार्ग, पण पावसाळ्यात त्यावर एसटी कशी चालते हे मी पाहिलंय. कंडक्टर खाली उतरून खड्ड्यातलं पाणी काठीने मोजायचा. आमच्या गाडीत एकदा बाळंतीण होती. शंभर किलोमीटरला सहा तास लागले.

आता तुम्ही म्हणताय, पलीकडच्या दवाखान्यात कार्ड चालू द्या. उद्या मंत्रालयात हेच वाक्य उलटं वाचलं जाईल: सिरोंचाची सोय तेलंगणात होते, मग इथे शल्यचिकित्सक कशाला, भूलतज्ज्ञ कशाला, रस्ता कशाला? भामरागड आणि एटापल्लीला तर पलीकडचं मंचेरियालही नाही. तुमची मागणी मान्य झाली की त्यांच्या रस्त्यासाठी भांडणारा एक तालुका कमी होईल.

ओरुगल्लूचा मराठी

मी वारंगळला राहतो, घरी मराठी, बाहेर तेलुगू. बॅरेजचा विषय निघाला म्हणून पलीकडची बाजू सांगतो, कारण मराठीत ती कोणी मांडत नाही.

तेलंगणात गोदावरी खोलातून वाहते आणि शेतं वर पठारावर. धरणाचं पाणी कालव्याने आपोआप येईल असा उतारच नाही, पाणी उचलावंच लागतं. करीमनगर-वारंगळच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बोअर खोदून कर्जं काढली. आधीची योजना प्राणहितेवर तुमडीहेट्टीला 152 मीटर उंचीचा बंधारा घालायची होती. तिथे महाराष्ट्रातली जमीन बुडते म्हणून महाराष्ट्राने हरकत घेतली आणि 2016 च्या करारात ती उंची 148 झाली. मेडीगड्ड्याला 100 मीटर ठरली. म्हणजे महाराष्ट्राचं ऐकलं गेलं. आणि सही महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांची होती. पोचमपल्लीला कोणी विचारलं नाही हा दोष मुंबईचा, हैदराबादचा कसा?

प्राणहिताकाठ

@ओरुगल्लूचा मराठी, दोष मुंबईचा हे पूर्ण मान्य. मी हैदराबादला दोष दिलेला नाही, पुन्हा वाचा.

पण 'ऐकलं गेलं' हे मान्य नाही. 16 टीएमसीहून (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) जास्त पाणी अडवायचं आणि ते कन्नेपल्लीच्या पंपांनी तुमच्या काठावरून उचलायचं. आमच्या काठाला काय मिळालं? फुगवटा, म्हणजे अडलेलं पाणी मागे चढणं. 21 जून 2019 ला उद्घाटन झालं आणि जुलै 2022 मध्ये 85 च्या 85 दारं उघडावी लागली. काठावरची गावं रिकामी केली, शेतांवर वाळू बसली. माझ्या काकांच्या शेतात गुडघाभर. भरपाईच्या अर्जावर एका कार्यालयाने लिहून दिलं की हे क्षेत्र संपादनाच्या यादीत नाही, दुसऱ्याने सांगितलं की हा नैसर्गिक पूर आहे. तालुक्यातले शेतकरी सिरोंचात उपोषणाला बसले, तेही दोनदा-तीनदा.

ओरुगल्लूचा मराठी

2022 चा पूर बॅरेजमुळे आला असं म्हणू नका. त्या आठवड्यात भद्राचलमला गोदावरी 70 फुटांवर गेली होती. कन्नेपल्लीचं पंपगृहही बुडालं, म्हणजे ज्यांच्यासाठी बांधलं त्यांचंही नुकसान झालं. तुमच्या काकांना भरपाई मिळालीच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण कारण चुकीचं धरलं तर मागणीही चुकते.

प्राणहिताकाठ

पाऊस आभाळातूनच पडला, ते मी नाकारत नाही. पण पूर ओसरायला किती दिवस लागले, पाणी कोणत्या नाल्यांतून उलटं शिरलं, काठ कुठे खचले, हे बॅरेजआधी आणि बॅरेजनंतर मोजून कोणी आमच्यापुढे ठेवलं का? मागणी तीच आहे. आणि बांधकामाबद्दल बोलायचं तर 21 ऑक्टोबर 2023 ला त्याच बॅरेजचे खांब खचले. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या समितीने आखणी, रचना, गुणवत्ता आणि देखभाल या सगळ्यांत त्रुटी दाखवल्या. धरणाचं खालचं-वरचं सगळं ज्यांच्या अंगावर आहे त्यांनी काळजी करायची नाही तर कोणी?

मिरची_दोन_एकर

नमस्कार जी. मी लिहिणारा माणूस नाही, पण मिरचीचं कोणी नीट सांगत नाही म्हणून लिहितो.

आमची मिरची नागपूरले न्यायची तर साडेतीनशे किलोमीटरच्या वर. वारंगळची एनुमामुला मंडी त्याच्या अर्ध्यातही नाही. गाडी रात्री भरली का सकाळी काट्यावर. म्हणून तिकडे जातो. कोणाच्या प्रेमानं नाही जी. पण तिथं आमचं नाव कोणत्याच कागदावर नसते. भाव पडला तर त्यांच्या शेतकऱ्याले त्यांचं सरकार हाय, आमाले कोण हाय? पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, अडत्याच्या वहीत, तेलुगूत. इकडं आल्यावर ते कागद कोणी वाचत नाही.

2018 पासून पलीकडं शेतीले चोवीस तास वीज, फुकट. त्याच वर्षी एकरी पैसे पण सुरू झाले. नदी तीच, माती तीच, माझ्या साडूचं शेत माझ्या शेताच्या समोर दिसते. त्याचा पंप दिवसा चालते, माझा रात्री. रात्री पाणी द्यायले जातो तवा साप, रानडुक्कर, सगळं असते.

वैनगंगेचा साहेब, रस्ता पायजे हे खरं. पण रस्ता झाला तरी मी नागपूरले जाणार नाही. अंतर रस्त्यानं कमी होत नाही ना जी.

वैनगंगेचा

तुमचं शेवटचं वाक्य मला पटलं, मिरचीपुरतं. बाजार जवळचाच धरावा. मग मागणी अशी करूया: सिरोंचात बाजार समितीचं मिरचीचं यार्ड. वारंगळचा व्यापारी पूल ओलांडून इथे येईल, वजन इथे होईल, पट्टी मराठीत निघेल. तेंदूपत्त्याचं तसंच झालंय की. पेसा, म्हणजे आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखाली ग्रामसभा लिलाव करतात आणि तेलंगणातले ठेकेदार गावात येऊन बोली लावतात. 70 पानांच्या पुड्यामागे किती, हे गाव ठरवतं. माणूस पलीकडे न जाता पैसा अलीकडे येतो.

मिरची_दोन_एकर

यार्ड झालं तर बरंच होईल. पण तेंदूत बी ठेकेदार पैसे न देता गेल्याचे किस्से आमच्याकडं हायेत. तो नदीपलीकडं गेला का ग्रामसभा कुठं शोधणार?

बालवर्ग

मी प्राथमिक शिक्षिका आहे, मूळची भंडाऱ्याची. सिरोंचा तालुक्यात अकरा वर्षं झाली. भाषेच्या मुद्द्याला कोणीच हात लावला नाही म्हणून लिहिते.

पहिल्या वर्षी मी वर्गात 'पाणी' म्हणायचे आणि मुलं माझ्याकडे बघत राहायची. मग एका मुलीने दुसरीच्या कानात सांगितलं, 'नीळ्ळु', आणि सगळा वर्ग उठून माठाकडे गेला. त्या दिवसापासून मी तेलुगू शिकायला लागले. आतल्या गावांत माडिया बोलणारी मुलं असतात, तिथे पाण्याला 'येर'. एकाच केंद्रात तीन पाणी.

प्राणहिताकाठ, शिक्षकांना तेलुगू यायला हवी हे खरं. पण इथे कोणी तेलुगू माध्यमाची शाळा मागत असेल तर माझा विरोध आहे. या मुलांना पुढे पोलीस भरती, तलाठी, शिक्षक अशी जी नोकरी मिळेल ती महाराष्ट्राची, आणि परीक्षा मराठीत. पलीकडे ती परराज्यातली ठरतात. बतुकम्माला, म्हणजे तेलंगणाच्या फुलांच्या सणाला, फुलं रचताना माझ्या मुली तेलुगू गाणी म्हणतात, ती त्यांची आहेत आणि राहतील. शाळेने मात्र त्यांना इतकी पक्की मराठी द्यायला हवी की गडचिरोलीत कोणी त्यांना 'तिकडची' म्हणू नये.

प्राणहिताकाठ

ताई, मी माध्यम बदला म्हटलेलं नाही, पण माझ्या लिहिण्यात ते स्पष्ट नव्हतं हे मान्य. 'तिकडची' हा शब्द मी स्वतः ऐकलाय. चंद्रपूरला कॉलेजात होतो तेव्हा.

लग्नाचंही सांगतो. पलीकडून सून आली की तिची जात वडिलांच्या राज्याची धरली जाते. इथे ग्रामपंचायतीच्या राखीव जागेवर तिला उभं राहता येत नाही, जरी दोन्ही काठांवर समाज एकच आणि दोन्ही यादीत नाव असलं तरी. इकडची लेक तिकडे गेली की तिचंही तसंच. नदी ओलांडताना बाईचा हक्क काठावर राहतो. रस्त्यापेक्षा हे मला जास्त लागतं.

जुनी_दप्तरं

थोडा इतिहास, कारण 'संसार पलीकडे' ऐकताना वाटतं की इथे सीमा कालपरवा आली. 1860 मध्ये निजामाने गोदावरीचा डावा काठ इंग्रजांना दिला. इंग्रजांनी अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा केला आणि त्याचं ठाणं सिरोंचाला ठेवलं. नदीतून बोटींनी कापूस थेट समुद्राकडे न्यायचा बेत होता. खडकाळ पात्रात तो तडीला गेला नाही. 1874 मध्ये जिल्हा मोडून चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, जोडला, आणि तेव्हापासून सिरोंचा शेवटचं टोक झालं. पुढे मध्य प्रांत, मध्य प्रदेश, 1956 ला मुंबई राज्य, 1960 ला महाराष्ट्र, 1982 ला गडचिरोली जिल्हा.

म्हणून मला वैनगंगेचा यांचं म्हणणंही अर्धंच वाटतं. रस्ता नाही म्हणून सिरोंचा टोकाला नाही. नदीला रस्ता धरलं होतं तेव्हा ते मध्यावर होतं. आणि जाता जाता: ज्या पोचमपल्लीला बॅरेज टेकलंय तिथेच बारापासॉरस या डायनासोरची हाडं निघाली. तो सांगाडा आज कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. तालुक्यातली मुलं तो बघायला कधी जाणार? वडधमचं जीवाश्म उद्यान आहे, ते तरी नीट जपायला हवं.

वैनगंगेचा

इतिहास मान्य. तरीही माझा क्रम बदलत नाही: आधी रस्ता आणि डॉक्टर, मग पलीकडचं कार्ड. क्रम उलटा झाला तर पहिलं कधीच होणार नाही, हे मी सरकारी नोकरीत राहून सांगतोय.

प्राणहिताकाठ

क्रमासाठी थांबलेली माणसं मी ओळखतो. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या घरात रात्री दीड वाजता छातीत कळ आली. रुग्णवाहिकेचा चालक पुलाजवळ थांबला आणि म्हणाला, राज्याबाहेर न्यायची परवानगी नाही. आम्ही पेशंटला मिरचीच्या गाडीत घातलं आणि मंचेरियालला नेलं. तो वाचला. बिल सगळं रोख.

मिरची_दोन_एकर

ती गाडी माझीच होती जी.

ओरुगल्लूचा मराठी

बॅरेजच्या दुरुस्तीवर इकडे पुन्हा चर्चा चालू आहे. दोन्ही राज्यं पुन्हा बसली तर दोन्ही काठांच्या ग्रामसभांचे ठराव कराराला जोडावेत, ही मागणी मी इकडून लिहून पाठवायला तयार आहे. तेलुगूत मी लिहितो, मराठीतला मसुदा तुम्ही करा. पोचमपल्लीची ग्रामसभा कधी आहे?